चुलीमागची भिंत

आवरलेल्या स्वयंपाकघराचा मला राग येतो. लोकांना पसाऱ्याचा येतो, मला आवरलेल्याचा येतो. ओळीनं मांडलेले एकसारखे डबे, त्यांवर चिकटवलेली नावं, पुसून लख्ख केलेला ओटा, आणि त्या सगळ्याकडं कंबरेवर हात ठेवून बघणारं घरचं माणूस. असं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. आता वय झालंय म्हणून लोक ऐकून घेतात आणि विषय बदलतात.

परवा जूचंद्रला गेले होते. माझं माहेरचं जुनं घर पाडून भाच्यानं त्याच जागेवर दुमजली घर बांधलंय, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याच्या बायकोनं त्या दिवशी स्वयंपाकघर आवरायला काढलं होतं. पोरगी गुणाची आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिनं जमिनीवर तीन ढीग केले होते. एक ठेवायच्या वस्तूंचा, एक कुणाला तरी द्यायच्या वस्तूंचा, एक टाकायचा. जुन्यातलं काय काय आहे ते तुम्हालाच कळतं आत्या, म्हणून तिनं मला स्टूल दिलं. एकेक वस्तू वर धरून ती विचारायची, हे काय आहे? मी सांगायची. चार-पाच वेळा 'हे काय' ऐकल्यावर मला तिथं बसवेना. पाय मोकळे करते म्हणाले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. आमची चूल साधारण तिथंच होती.

आमचं स्वयंपाकघर काळं होतं. वासे काळे, कौलांची आतली बाजू काळी, शिंक्याच्या दोऱ्या काळ्या, आणि त्या काळ्यात वरच्या एका कौलातून उन्हाचा एक पट्टा सकाळी उतरंडीवर पडायचा. उतरंड म्हणजे मडक्यावर मडकं, खाली मोठं, वर लहान. तळाच्या मडक्यात वाल, त्यावरच्यात चिंचेचे मीठ लावलेले गोळे, त्यावरच्यात सुकट, आणि सगळ्यात वरच्या बोळक्यात ओवा-सुंठ. आई वरची तीन मडकी उतरवून चौथ्यातले वाल काढायची आणि परत तीन मडकी चढवायची, तोंडानं माझ्याशी बोलत, हाताकडं न बघता. कोपऱ्यात तांदळाची कणगी. दाराशी जाड्या मिठाचा रांजण, कारण बाबा मिठागरावर होते आणि आमच्याकडं दुसरं काही नसलं तरी मीठ असायचं. पावसाळ्यात त्या रांजणाला पाझर फुटायचा आणि त्याच्या तळाशी ओल्या मिठाचा, खाडीचा वास यायचा. धुराचा वास, सुक्या बोंबलांचा वास, सारवणाचा वास आणि तव्यावर पाणी शिंपडून उलटलेल्या तांदळाच्या भाकरीचा वास. हे सगळे वास एकमेकांत मुरलेले होते. मी शाळेत गेले तरी ते माझ्या केसांत असत.

आणि चुलीमागची भिंत. ती आईची.

भादवा सरत आला की आई वेलावरची एक काकडी राखायची. तिच्या देठाला लाल दोरा बांधायची. दोरा बांधलेली काकडी कुणी तोडायची नाही, बाबांनीसुद्धा नाही. ती फुगायची, पिवळी व्हायची, मग तांबूस होऊन तिला चिरा पडायच्या. मग आई ती फोडून बिया काढायची, शेणात राख मिसळून त्यात त्या बिया कालवायची आणि पुरीएवढे गोळे करून चुलीमागच्या भिंतीवर थापायची. चुलीच्या फार जवळ नाही, नाहीतर बी भाजेल. फार लांब नाही, नाहीतर कीड लागेल. धूर पोचेल आणि आच पोचणार नाही अशी तिची एक रेघ ठरलेली होती. काकडीच्या गोळ्यात ती एक बोट दाबायची, शिराळ्याच्या गोळ्यात दोन बोटं, दुधीच्या गोळ्यात तीन. तिला अक्षर येत नव्हतं. पण अंधारात नुसता हात फिरवून कुठलं बी कुठं आहे ते ती सांगायची, आणि आमच्या घरात त्याहून चांगली मांडणी मी नंतर कधी पाहिली नाही. मृगाच्या आधी कोयत्याच्या टोकानं गोळे सोडवायचे, पाण्यात फोडायचे आणि परसात लावायचे.

ती काकडी आईच्या माहेरची होती. लग्न होऊन येताना तिनं बी पदराच्या गाठीत आणलं होतं. बारीक हिरव्या रेघांची, पांढरट, देठापर्यंत गोड. मोडली की कचकन आवाज यायचा आणि वास आधी डोळ्यांत जायचा, मग नाकात. गौरीला आई ती किसून गूळ घालून हळदीच्या पानात पानगे करायची. काकड्या तिनं गावभर वाटल्या, बी मात्र कुणाला दिलं नाही. ते माहेरचं, ते माहेरच्यांनाच द्यायचं, असा तिचा हट्ट. हट्टच म्हणायचा. दिलं असतं दोन शेजारणींना तर काय बिघडलं असतं? त्या हट्टाचाही मला अजून राग येतो.

माहेर खाडीपलीकडं. तिकडचा बांध एका वर्षी फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. भात गेलं, परसं गेली, विहीर गेली. काकडीही गेली. तेव्हापासून ती काकडी जगात एकाच ठिकाणी होती, आमच्या चुलीमागच्या भिंतीवर.

स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली होती. मी दहा-अकरा वर्षांची. माझा मोठा भाऊ, दादा, सात वर्षांचा असल्यापासून ठाण्याला मावशीकडं राहून शिकला होता आणि आता मास्तर झाला होता. गावातला पहिला मास्तर. त्याचं लग्न ठरलं वैशाखात. मुलगी चौथी शिकलेली, काकांकडं ठाण्यात वाढलेली. दादा महिनाभर आधी घरी आला तो डोक्यात सफाई घेऊन. ट्रेनिंग कॉलेजात त्याला कुणीतरी शिकवलं होतं की देशाची सुधारणा स्वयंपाकघरापासून सुरू होते. घरात उजेड हवा, हवा खेळती हवी, प्रत्येक वस्तूला जागा हवी. ज्या माणसानं आयुष्यात कधी चुलीत फुंकर घातली नाही त्याला चुलीबद्दल एवढं कसं कळतं, हे मला आजवर समजलेलं नाही. पण तेव्हा दादा बोलायला लागला की मी तोंड उघडं टाकून ऐकत बसायची. असा भाऊ कुणालाच नव्हता.

आई माहेरी आमंत्रण द्यायला गेली, चार दिवसांसाठी. ती होडीत बसली आणि दादानं बाह्या वर केल्या.

पहिल्या दिवशी आम्ही सगळं बाहेर काढलं. उतरंड उतरवली. अंगणात मडकी मांडली तेव्हा ती किती काळी आहेत ते मला पहिल्यांदा दिसलं. दादानं काठ फुटलेली दोन मडकी बाजूला केली. करवंट्यांचे डाव, तुटकी सुपं, वाशाला टांगलेला वाळका दुधी, चिंध्यांच्या चुंबळी, सगळं परसात नेऊन त्यानं पेटवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीला फळ्या ठोकल्या आणि ठाण्याहून आणलेले पत्र्याचे डबे ओळीनं मांडले. डब्यांवर त्यानं खडूनं नावं लिहिली. तांदूळ. वाल. सुकट. मला वाचून दाखवायला सांगितलं आणि मी वाचल्यावर पाठीवर थाप मारली. ज्या आईला ते डबे रोज उघडायचे होते तिला त्यातलं एकही नाव वाचता येणार नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी भिंती. दादा चुना ढवळत होता, मी खुरपं घेऊन जुनं सारवण खरवडत होते. चुलीमागच्या भिंतीपाशी आम्ही आलो आणि दादा थांबला. त्यानं एका गोळ्यावर बोट फिरवलं, वास घेतला.

"आयनं यात काय ठेवलाय का गो?" त्यानं विचारलं.

इथं मला थोडं थांबावं लागतं. महिन्याभरापूर्वी मीठ खात्याच्या कारकुनाची मुलगी आमच्या घरी आली होती. ती शाळेत माझ्या शेजारी बसायची, तिच्या फ्रॉकला इस्त्री असायची. पाणी प्यायला म्हणून ती आत आली, भिंतीकडं पाहिलं आणि नाकाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं की आम्ही भिंतीला शेणाच्या पुऱ्या लावतो. गावातल्या प्रत्येक घरात तेच होतं. हसणाऱ्या पोरींच्या घरातही होतं. तरी त्या हसल्या. मी त्या दिवशी घरी येऊन आईशी बोलले नव्हते.

"काय नाय," मी दादाला म्हटलं. "शेन हाय नुसता."

तो म्हणाला, मग खरवड. मी खरवडलं. एक बोटवाले, दोन बोटवाले, तीन बोटवाले. खुरप्याखाली बिया फुटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. चाळीसेक गोळे होते. माती-शेणाची ती टोपली उकिरड्यावर टाकून ये, असं दादानं सांगितलं. उकिरडा लांब होता आणि ऊन मी मी म्हणत होतं. मी घरामागच्या चरात टोपली उपडी केली. त्या चरात भरतीचं पाणी यायचं, मिठागरांना जाणारं. संध्याकाळी भरती आली. मी दाराशी बसून पाहिली.

मग चुना. दादानं नीळ घातली होती, त्यामुळे भिंत निळसर पांढरी झाली, दोन हात मारल्यावर तर डोळे दिपायला लागले. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. मास्तरनं घराचं सोनं केलं म्हणाल्या. दादा ओठांवर पसरलेला चुना पुसत हसत होता आणि मीही त्याच्या शेजारी उभी राहून हसत होते. तो हसरा चेहरा मला हातात सापडला असता तर मी तो खरवडून काढला असता. माझाच म्हणतेय मी, त्याचा नाही.

आई चौथ्या दिवशी दुपारी आली. दारातून आत येतानाच ती बोलत होती. तिच्या माहेरी उंचवट्यावर मामांनी नवं परस केलं होतं, गोडी माती टाकून. मामीनं बी मागितलं होतं. लग्नाला येतील तेव्हा दोन गोळे देते बांधून, असं आई कबूल करून आली होती. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली असेल. बोलत बोलत ती आत आली. फळ्यांकडं, डब्यांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ चुलीमागं गेली.

"भितीवरचा माजा बी कुटं गेला?"

 आईनं परत विचारलं, कोनी काडला. मी दादाकडं पाहिलं. दादा माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता, तेव्हाच त्याला सगळं कळलं असणार. मी काही म्हणणार असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. पण दादा आधी बोलला.

"मी काडला, आये."

"इचारला नाय कोनाला?"

"नाय."

आईनं विचारलं, टाकला कुठं? दादाला ते माहीत नव्हतं, पण माझ्याकडं न बघता तो म्हणाला, उकिरड्यावर. आई उकिरड्यावर गेली. भर उन्हात ती दिवे लागेपर्यंत उकिरडा उपसत होती, आणि मी आत चुन्याच्या वासात बसून होते. बी तिथं नव्हतंच. परत आली तेव्हा तिच्या नखांत काळं भरलेलं होतं. बाबा मिठागरावरून आले आणि ऐकून म्हणाले, काकडीच्या बियांवरून एवढं? बाजारात मिळतात. आईनं हात धुतले, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. दादा जेवायला आत आला तेव्हा तिनं त्याचं ताट उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"आजपासून माज्या चुलीपाशी येव नको," ती म्हणाली.

रागाच्या भरातलं बोलणं आहे, दोन दिवसांत निवळेल, असं आम्हाला वाटलं. ते निवळलं नाही. दादा त्या दिवसापासून ओटीवर जेवला. लग्न झालं, धवलारणींनी लग्नाची गाणी म्हटली, व्याही पांढऱ्या भिंती बघून खूश झाले, आणि नवरदेवाचं ताट ओटीवर. मामा-मामी आले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. आईनं त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी तेवढा वेळ विहिरीवर जाऊन बसले होते.

जिच्यासाठी हे सगळं केलं ती वहिनी पाचव्या दिवशी भोपळ्याच्या बिया हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. तिच्या गावी बी भिंतीला लावतात, इथं कुठं लावायचं, असं तिनं मला विचारलं. चौथी शिकलेली, ठाण्याला वाढलेली ती मुलगी. मला इतका संताप आला की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. बिचारीला कळेना, हिचं काय बिघडलं.

पाऊस लागल्यावर दादानं वसईच्या बाजारातून बियांची पुडी आणली. आईनं हात लावला नाही, म्हणून त्यानं स्वतःच परसात लावली, स्वतःच मांडव घातला. वेल वाढला. काकड्या मोठ्या, हिरव्यागार, आणि देठाकडं कडू. दादा ओटीवर बसून त्या मीठ लावून खायचा. चांगल्या आहेत म्हणायचा. घरात दुसरं कुणी खायचं नाही. कडू काकडी चावणाऱ्या त्या माणसाकडं बघून मला वाटायचं, जाऊन त्याच्या हातातली काढून घ्यावी आणि फेकून द्यावी. कशाला खातोस? कुणाला दाखवतोस? त्याच्या चांगुलपणाचा मला जितका राग आला तितका कुणाच्या वाईटपणाचा कधी आला नाही.

कारण मी आत जेवत होते. आईच्या शेजारी, चुलीजवळ, पाटावर. त्या वर्षापासून आई मला जास्तच जवळ घ्यायला लागली. पहिली भाकरी मला, करपलेला पापुद्रा मला, माशाच्या डोक्यातला गर मला. माझे केस विंचरताना ती दादाचं नाव घ्यायची नाही. ओटीवरून त्यानं पाण्यासाठी हाक मारली की ती तांब्या वहिनीकडं सरकवायची आणि माझ्याशी बोलत राहायची. उंबरा एवढासा होता, वीतभर. शाळेत शेकडो पोरांना शुद्धलेखन शिकवणारा माझा भाऊ तो ओलांडत नव्हता.

पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी मी दादाला परसात गाठलं आणि म्हटलं, मी आईला सांगणार आहे. तो मांडवाचा दोर बांधत होता. त्यानं गाठ मारली, ओढून बघितली.

"नको सांगू," तो म्हणाला. "मना वाढाला बायको आली. तुना आयबिगर कोन होता?"

म्हणजे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. त्या दुपारी, भिंतीपुढं उभं राहून, एका क्षणात. कोणी आत बसायचं, कोणी बाहेर. कुणाला काय ठेवायचं, कुणी काय टाकायचं. त्याला आवरायची सवयच होती. मला विचारलं का त्यानं? मार खाल्ला असता मी, उपाशी राहिले असते, आठवडाभर आई माझ्याशी बोलली नसती, आणि मग कधीतरी तिनं मला परत जवळ ओढलं असतं, आणि ते जवळ ओढणं माझं असतं. ते त्यानं मला मिळू दिलं नाही. मी त्याच्यावर ओरडले. त्यानं दुसरी गाठ मारायला घेतली. हळद झाली, लग्न झालं, मी उमेळ्याला सासरी गेले.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाच्याची बायको परवा मागच्या दारी माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि सासऱ्यांच्या टापटिपीचं कौतुक करायला लागली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, उभ्या उभ्या. तिनं ऐकून घेतलं. मग समजूत घालायच्या आवाजात म्हणाली, तुम्ही लहान होतात हो आत्या. लहान. माझ्या लग्नानंतर आई सहा वर्षं होती. तेव्हा मी लहान नव्हते. मला दोन मुलं होती, माझी स्वतःची चूल होती, आणि दर महिन्याला मी जूचंद्रला जात होते.

शेवटच्या वर्षी आईला दिसत नव्हतं. तरी ती चूल सोडायची नाही. मी गेले की चाचपडत भाकरी थापायची, मला शेजारी बसवायची. एका दुपारी अशीच बसले होते. बाहेर ओटीवर दादा जेवत होता, त्याचं ताट सरकल्याचा आवाज आला. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तू तरी माजी हायस," ती म्हणाली.

मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.